कढईत तळलेलं बेरिंग

चामोर्शी,
बुधवार

आदरणीय साडूभाऊ संघपालजी यांना,
अश्वजितचा सप्रेम जयभीम.

इकडे सर्व कुशल आहे असं लिहिण्याची रीत आहे, म्हणून लिहिलं. तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना कटकट वाजतो म्हणत होतात, तो अजून वाजतो का? वाजत असेल तर वाजू द्या, उघडून पाहू नका. वाजणाऱ्या वस्तू उघडून पाहण्याबद्दल माझं मत अलीकडे फार बदललं आहे. रंजीताताईंची तब्येत उत्तम असणारच, कारण परवा फोनवर त्यांचा आवाज पाठीमागून अगदी ठणठणीत ऐकू आला. ("त्याले म्हना, आता भाजीले फोडनी बी ग्रीसचीच देत जा," असं काहीसं म्हणाल्या. त्यांनाही माझा जयभीम सांगा.)

पत्र पाहून दचकला असाल. आजकाल पत्रं फक्त बँकेची येतात हे मलाही माहीत आहे. पण फोन करावा तर माझ्यावर रुसून बहिणीकडे येऊन बसलेली आमची नूतन तुमचा फोन उचलते, माझा नुसता श्वास ओळखते आणि ठेवून देते. एकदा नाकात बोलून "विमा कंपनीतून बोलतोय" असं म्हणून पाहिलं. तर म्हणाली, "आमच्या घरचा मानूस मेला तरी चालते, आमाले विमा नाई पायजे," आणि ठेवला. तिने ओळखलं होतं की नव्हतं हे मला अजून कळलेलं नाही, आणि दोन्हींपैकी कोणतं बरं हेही ठरवता येत नाही. म्हणून हे पत्र घरी न पाठवता तुमच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीच्या पत्त्यावर पाठवतो आहे. (गेटवर कोणी उघडून वाचलंच तर त्या साहेबांनाही नमस्कार. यात स्फोटक काही नाही. जे होतं ते आधीच भद्रावतीला तुमच्या घरी पोचलेलं आहे.)

आता मुद्द्यावर येतो. नूतनने तुम्हा दोघांना सांगितलं असेल की मी तिच्या आईच्या कढईत गाडी तळली. हे साफ खोटं आहे. गाडी नाही तळली. बेरिंग तळलं, आणि तेही एकच. माणसाचा न्याय करायचा तर दोन्ही बाजू ऐकून करावा, म्हणून माझी बाजू पहिल्यापासून सांगतो.

आपली जीप तुम्हाला माहीत आहे. चामोर्शी ते घोट, घोट ते चामोर्शी, दिवसभर सवाऱ्या. तिसऱ्या गिअरमध्ये ती जो हंबरडा फोडायची तोही तुम्हाला माहीत आहे, कारण आमच्या खुशबूच्या बारशाला नाही का तुम्ही... नाही, ती तेव्हाची जुनी गाडी. ही घेतली तेव्हा खुशबू कॉलेजात होती. असो. मागच्या दिवाळीत तुम्ही आला होतात तेव्हा पुढच्या सीटवर बसून, डोळे मिटून, डॉक्टर छाती ऐकतो तसा तो आवाज ऐकलात आणि म्हणालात, "बेरिंग बोलून राह्यली, भाऊ. जाड ऑइल टाका, चूप होते." मी टाकलं. चूप नाही झाली, उलट आवाजाला भारदस्तपणा आला. मी तुम्हाला दोष देत नाही. नुसतं नोंदवतो. आणि खरं सांगायचं तर आम्हाला त्या आवाजाची सवय झाली होती. गाडी नाल्याच्या पुलावरून आमच्या गल्लीकडे वळली की तो आवाज घरात जायचा, आणि नूतन चहा ठेवायची. मी गाडी लावून, पाय धुऊन येईपर्यंत चहा कपात. कधी एका शब्दाने ठरलेलं नव्हतं. गाडी ओरडली की चहा, इतकं सरळ.

तर एके दिवशी घोटहून परत येताना, बरोबर जिथे वनखात्याची पाटी आहे, 'वाघाचा वावर आहे, वाहनातून उतरू नये', तिथेच गाडीचा हंबरडा थांबला. पोटातून कडकड कडकड असा आवाज आला, गिअरची दांडी माझ्या हातात जिवंत मासा धरल्यासारखी उडाली आणि गाडी उभी राहिली. पाटी सगळ्यांनी वाचली आणि सगळे उतरले. आपल्या लोकांना गाडीखाली वाकून पाहायला मिळत असेल तर वाघाचं काही वाटत नाही. घोटचे देवरावबुवा दोन कोंबड्या काखेत धरून वाकले. "डिजलमधी पानी गेलं," म्हणाले. मी म्हटलं, बुवा, आवाज गिअरबॉक्समधून आला. "मंग गिअरबाक्समधी पानी गेलं," म्हणाले. एक बाई म्हणाल्या नजर लागली. या गाडीला नजर लावणारा माणूस मला एकदा पाहायचाच आहे. शेवटी धानाची पोती नेणारा एक ट्रॅक्टर आला, त्याने दोर बांधून आम्हाला ओढत आणलं. दोर बांधतानाही देवरावबुवांची सूचना होती की दोर मागच्या बाजूला बांधा, गाडीला उलटं जायला सोपं पडतं. वाघ आला नाही. बहुतेक ऐकत असेल आणि कंटाळून गेला असेल.

आमच्या नाक्यावरचा बिरजू मिस्त्री तुम्हाला माहीत नसेल. तरुण आहे, हात चांगला आहे, फक्त त्याच्या शेडमध्ये जागा कधी नसते. म्हणून गाडी आमच्याच अंगणात घेतली आणि नूतन ज्या ताडपत्रीवर मिरच्या वाळवते त्या ताडपत्रीवर त्याने गिअरबॉक्स उतरवला. (इथे पहिली ठिणगी पडली होती. मी लक्ष दिलं नाही.) झाकण उघडलं तर आत एका बेरिंगच्या गोळ्या घर सोडून तेलात फिरत होत्या. "बेरिंग गेली, भाऊ. टाइमावर खोललं, नाईतर अख्खा बाक्स गेला असता," बिरजू म्हणाला. म्हणजे आनंदाचीच बातमी होती.

नवं बेरिंग चंद्रपूरहून यायचं होतं. तिथल्या दुकानदाराने माझं काम लवकर व्हावं म्हणून ते एका वऱ्हाडाच्या गाडीत दिलं. वऱ्हाड सिरोंच्याला चाललं होतं, वाटेत चामोर्शीला उतरवून देतो म्हणाले. आता वऱ्हाडाच्या गाडीत वाजंत्री चालू असताना कोणाला चामोर्शी आठवणार? बेरिंग चकचकीत कागदात होतं, त्यामुळे ते सरळ आहेरात गेलं. मुलीचा बाप तेलुगू बोलणारा, मला तेलुगूत फक्त जेवायला बसणं जमतं, त्यामुळे फोनवर मी 'बेरिंग, बेरिंग' म्हणत राहिलो आणि ते 'भोजनम् अय्यिंदा', म्हणजे जेवण झालं का, असं काहीतरी विचारत राहिले. मी हो म्हणालो. शेवटी ते बेरिंग परत आलं ते हळदकुंकू लावून आणि सोबत लाडूंचा डबा घेऊन. इतक्या मानाने आमच्या घरी दुसरा कोणताही पार्ट आलेला नाही.

आणि आता बेरिंग हातात आलं तर बिरजू नाही. त्याची बायको बाळंतपणाला कोरपन्याला माहेरी होती, तिला मुलगी झाली आणि हा पान्हे इथेच टाकून मोटारसायकलवर पळाला. माणसाला मुलगी झाल्यावर त्याच्यावर रागावताही येत नाही, हा आणखी एक ताप. अंगणात गिअरबॉक्सची आतडी पसरलेली, रोजच्या सवाऱ्या दुसऱ्या गाडीत चढून मला हात दाखवून जातात, आणि नूतन दर सकाळी विचारते, "माही ताडपत्री कवा भेटन?" शेवटी मी बिरजूला फोन लावला. म्हटलं तू सांग, मी बसवतो. दवाखान्यात पोरगी रडत होती, नर्स ओरडत होती, त्यातून जे ऐकू आलं ते शब्दशः असं: "भाऊ, ठोकू नका, मरन. शाफ्ट फ्रिजमधी ठेवा. बेरिंग तेलात गरम करा, फुगते मंग आपोआप बसते. तळाले टेकू देऊ नका, तारानं टांगा. किती गरम म्हंजे, वडे टाकाच्या आंधी भाबी तापवते ना, त्याच्या थोडं कमीच." आणि रेंज गेली.

साडूभाऊ, आता तुम्हीच सांगा. आपल्याकडे इंजिनात, गिअरबॉक्समध्ये जे घालतात त्याला काय म्हणतात? ऑइल. तुम्ही स्वतः दिवाळीत काय म्हणालात? "जाड ऑइल टाका." तेल टाका म्हणालात का? बिरजू 'तेल' म्हणाला. तेल म्हणजे एक तर डिझेल ('तेल टाकलं काय गाडीत' असं आपण म्हणतो ते), नाहीतर खायचं. डिझेल चुलीवर ठेवण्याइतका मी खुळा नाही. राहिलं कोणतं? शिवाय तो माणूस वडे म्हणाला, भाबी म्हणाला. कोणत्याही कोर्टात जा, याचा एकच अर्थ निघेल. नूतन म्हणते, "जुनं ऑइल अंगनात डबा भरून पडलं होतं, ते दिसलं नाई काय?" दिसलं. पण तो ऑइल म्हणाला असता तर मी ऑइल घेतलं असतं. शब्दाला काही किंमत आहे की नाही?

नूतन विहारात गेली होती. मी शाफ्ट फ्रीजमध्ये घातला. तो पूर्ण मावत नव्हता, म्हणून दार अर्धवट राहिलं आणि दूध नासलं (याचा निकाल वेगळा लागला, त्यात मी दोषी आहे). मग कढई घेतली. घरात दुसरी इतकी खोल कढई नव्हती. ती तुमच्या सासूबाईंची, जिच्यावरून रंजीताताई आणि नूतन यांच्यात एक उन्हाळाभर बोलणं नव्हतं, हे त्या क्षणी माझ्या डोक्यात नव्हतं. माझ्या डोक्यात फक्त बेरिंग होतं. तेल ओतलं, तारेने बेरिंग टांगलं, हळूहळू तापवलं, धूर निघू दिला नाही. चिमट्याने उचललं आणि थंडगार शाफ्टवर धरलं. टप् करून जागेवर जाऊन बसलं. ना हातोडी, ना जोर. माझ्या आयुष्यात इतक्या सरळपणे दुसरं काहीच जागेवर बसलेलं नाही. त्या वेळी अंगणात कोणी पाहायला नव्हतं याचंच वाईट वाटलं.

इथवर मी बरोबर होतो हे तुम्हीही मान्य कराल. पुढे फक्त एक गोष्ट झाली. तेल मला अगदी स्वच्छ दिसलं. बेरिंग नवं कोरं, त्याला फक्त गंज न लागण्याचं काहीतरी पुसट चोपडलेलं असतं तेवढंच. 'खायची वस्तू वाया घालू नये' हे तुमच्या सासूबाईच ना म्हणत? मी ते जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळलं आणि परत डब्यात ओतलं. कढई राखेने घासली, साबणाने घासली आणि खिळ्याला टांगली. (उलटी टांगली. पुढे हाच पुरावा ठरला.)

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नूतनच्या बचत गटाची बैठक आमच्या घरी. बैठक म्हणजे बरबटीचे, चवळीचे वडे हे वॉर्डात ठरलेलं आहे. कोणाकडे बारसं असो, साखरपुडा असो, विहारात कार्यक्रम असो, वडे नूतननेच करायचे. मी गाडीखाली झोपून नटबोल्ट आवळत होतो. आत हसण्याचे आवाज, "आज वडे लयच खुसखुशीत झाले वो बाई," असं कोणी म्हणालं. मलाही गाडीखाली बशी आली. मीही खाल्ले, हे नूतन तुम्हाला सांगणार नाही. माझ्या हातालाच ग्रीसचा वास होता, त्यामुळे वड्याचा कोणता आणि हाताचा कोणता हे मला कसं कळावं?

रात्रीत काय झालं ते लिहिणं बरं दिसत नाही. सकाळी अख्खा बचत गट आपापल्या घरीच होता, नूतन आणि मीही होतो, आणि आमच्याकडे एकच संडास आहे. दुपारी गटाच्या अध्यक्षा भागीरथाबाई भिंतीला धरत धरत आल्या आणि म्हणाल्या, "नूतन, तेल कोन्तं वापरलं व?" नूतन म्हणाली, नेहमीचंच. तिने डबा आणून दाखवला. दोघी वास घेऊ लागल्या. आणि साडूभाऊ, मी तिथे गप्प बसायला हवं होतं. पण मला वाटलं, उगाच दुकानदारावर आळ यायला नको. मी म्हणालो, "तेल चांगलंच आहे, त्यात फक्त बेरिंग गरम केलं होतं, आणि तेही नवं."

भागीरथाबाई हसल्या. पोट धरून हसल्या, मग पोट दुखलं म्हणून बसल्या आणि बसून हसल्या. संध्याकाळपर्यंत वॉर्डात नाव पडलं, 'बेरिंगचे वडे'. पोरं आमच्या दारावरून जाताना गाडी चालवल्याचे आवाज काढू लागली. नूतनला मात्र आठवलं की वड्यांच्या दिवशी कढई खिळ्यावर उलटी सापडली होती. तिने खिळ्यावरची कढई काढली, पदराने पुसली आणि मला एवढंच म्हणाली, "माह्या मायची होती जी ते." भांडली असती तर मी उत्तर दिलं असतं. माझ्याकडे तेल आणि ऑइल यांच्यातला सगळा युक्तिवाद तयार होता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ती भद्रावतीला निघाली, कपड्यांची पिशवी खांद्याला आणि कढई मांडीवर. मी सोडायला गेलो होतो. तिने खिडकीची काच लावून घेतली.

आता इतकं सगळं वाचून तुम्हीच ठरवा की चूक कोणाची. बिरजूने नीट शब्द वापरला नाही. वऱ्हाडाने वेळ घालवला. तुम्ही जाड ऑइल सुचवलं. नूतनने तेलाचा वास घेतला नाही. मी फक्त सांगितलं तसं केलं, आणि गाडी दुरुस्त झाली हे कोणी बोलतच नाही. आज गाडी अशी चालते की बोनेटवर भरला कप ठेवा, हिंदकळणार नाही. आवाज नावाला नाही. सवाऱ्या परत आल्या. देवरावबुवा काल बसले आणि म्हणाले, "पानी काढलं वाटते." मी हो म्हणालो. माझ्यात आता वाद घालायची ताकद उरलेली नाही.

तेव्हा नूतनला माझा निरोप सांगा की तिला हवं तितके दिवस राहावं. माझं इकडे काही अडत नाही. मी कोणाला बोलवायला येणार नाही. भात मला लावता येतो, चहा मला येतो, आणि घरात शांतता इतकी आहे की पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचून होतो. कढई मात्र सांभाळून ठेवायला सांगा. रंजीताताईंच्या स्वयंपाकघरात ती फार दिवस राहिली तर परत निघायची नाही, अशी मला भीती वाटते.

तुमचा गुडघा जपा.

आपला,
अश्वजित

ता. क. वर गाडीला आवाज नावाला नाही असं लिहिलं, ते थोडं पुढचं लिहून गेलो. आवाज आहे. तितकाच आहे. बिरजू पेढे घेऊन परत आला (मुलगी छान आहे, बापासारखी अर्धवट बोलणारी निघू नये एवढंच), त्याने गाडी नाल्यापर्यंत फिरवून आणली आणि म्हणाला, "भाऊ, बिमाऱ्या दोन होत्या. गिअरबाक्सची गेली. बोंबलते ते मागचं बेरिंग हाय, चाकाकडचं." म्हणजे तुम्ही ऐकलंत ते बरोबर, फक्त पुढच्या सीटवर बसून मागचं ऐकत होतात. तो म्हणतो ते अजून बरेच दिवस बोंबलत चालेल, भद्रावतीपर्यंत जाऊन यायला काही भीती नाही. रविवारच्या आत तेही बदलून देतो म्हणाला. मी म्हटलं, राहू दे.

आणखी एक ता. क. भागीरथाबाई दोनदा विचारून गेल्या की नूतन कधी येते. येत्या पौर्णिमेला विहारात कार्यक्रम आहे, वडे दुसऱ्या कोणाकडून करून पाहिले तर बाया म्हणाल्या, "यापरस ते बेरिंगचेच बरे होते." हे नूतनला जसंच्या तसं सांगा. भागीरथाबाईंचं नाव घेऊन सांगा, माझं घेऊ नका.

शेवटचं ता. क., आणि हेच खरं सांगायचं होतं. भात मला लावता येतो असं लिहिलं ते खरं आहे, पण चहाचं खोटं आहे. पाण्यात साखर-पत्ती टाकता येते, त्याला चहा म्हणत नाहीत. साडूभाऊ, गाडी रोज नाल्याच्या पुलावरून वळते, तशीच ओरडते, आणि मी पाय धुऊन घरात जातो तर चूल थंड असते. मला करमत नाही. रविवारी दुपारी मी येतो आहे. नूतनला आधी काही सांगू नका. तुमच्या कॉलनीच्या वळणावर मी गाडी मुद्दाम तिसऱ्या गिअरमध्ये घालीन, आवाज तुमच्या घरापर्यंत येईलच. तुम्ही फक्त स्वयंपाकघराकडे पाहत बसा. ती उठून चहा ठेवते का बघा. ठेवला तर तुम्ही बाहेर येऊन फाटक उघडा. नाही ठेवला तर उघडू नका, मी गाडी वळवून परत जाईन, कोणाला काही कळणार नाही. (आवाजामुळे सगळ्यांना कळेल, पण तेवढं चालेल.) एवढंच बघा की ऐन वेळी रंजीताताई उठून चहा ठेवणार नाहीत.